उकळत्या सोड्यातली घोंगडी

सबनीस सरांवर माझा राग आहे. सर जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तर न बोलणाऱ्यांनी खुशाल गप्प बसावं, मी बोलणार. मी स्वतः बायोकेमिस्ट्री शिकवत म्हातारी झाले. दर वर्षी प्रथिनांच्या रचनेचा धडा आला की वर्गात माझा आवाज चढायचा आणि पुढच्या बाकावरच्या मुली घाबरून एकमेकींकडं बघायच्या. त्यांना वाटायचं, बाईंचं डोकं दुखतंय. माझी सून परवा म्हणाली, "आई, तुम्हाला बीपी आहे, विसरा की आता ते." का विसरू? विसरायचं काम नेहमी आमच्याच वाट्याला का येतं? तेव्हा एकदा सगळं लिहून टाकते.

आम्ही सणगर. घोंगड्या विणणारे. श्रीगोंद्याकडच्या कोरड्या भागात आमचं गाव, आणि गावात शिरताना डाव्या हाताला आमचं घर. घर कसलं, तो विणायचा मागच होता, आम्ही त्याच्या कडेकडेनं राहत होतो. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून अण्णा, म्हणजे माझे वडील, बसलेले, आणि सकाळपासून खट्ट-सर्र, खट्ट-सर्र. तो आवाज थांबला की आम्ही भावंडं झोपेतसुद्धा जागी व्हायचो. मागच्या पडवीत आई लोकर पिंजायची. तिच्या केसांत, भुवयांत, लुगड्याच्या निऱ्यांत लोकरीचा भुरा. भाकरीत लोकरीचा केस निघाला नाही असा दिवस मला आठवत नाही. हुलग्याची शेंगोळी शिजत असायची त्याच चुलीवर नंतर चिंचोक्याची खळ शिजायची. चिंचोके भाजायचे, फोलपटं काढायची, भिजवून पाट्यावर वाटायचे आणि पाण्यात रटरटा शिजवायचे. ती चिकट खळ ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, कुंच्यानं लावली की सूत कडक होतं, तुटत नाही. मेंढीचा वास, खळीचा वास आणि शेंगोळीतल्या लसणाचा वास असा मिळून आमच्या घराचा एक वास होता. कॉलेजात माझ्याशेजारी बसणारी मुलगी त्या वासानं नाकाला रुमाल लावायची. मी मुद्दाम तिच्या आणखी जवळ सरकायची.

अण्णांना राग म्हणून यायचा नाही. माझा स्वभाव आईचा, नाकावर माशी बसू न देणारा. पण एका बाबतीत अण्णा फार कडक होते. त्यांच्या घोंगडीत मेंढीच्या लोकरीशिवाय दुसरा धागा जायचा नाही. त्याला कारणही होतं. आमची घोंगडी घ्यायचे ते बहुतेक धनगर. त्यांच्या घरी लग्न असो, जागरण असो, देव मांडायचे ते घोंगडीवर, आणि देवाच्या कामाला भेसळीची घोंगडी चालत नाही. भिवामामा म्हणून एक धनगर होते, सगळ्या वाड्यांवस्त्यांवर त्यांचा शब्द चालायचा. कातरण झाली की ते लोकरीची पोती आमच्या दारात टाकायचे आणि न मोजता, न बघता निघून जायचे. "सणगराच्या घरात टाकली म्हंजी देवघरात ठिवली," असं म्हणायचे. आमच्या घरात पुंजी म्हणाल तर ती एवढीच होती.

सबनीस सर शिकवायचे मात्र फार सुंदर. हे खोटं बोलणार नाही. पुण्याकडचे, गोरे, पांढरी शुभ्र पँट, आणि लिहिताना खडू कधी मोडायचा नाही. प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या शिकवायला ते घरून मण्यांची माळ घेऊन आले. म्हणाले, "मणी म्हणजे अमिनो आम्लं. कुठल्या मण्यानंतर कुठला मणी, हा क्रम म्हणजे पहिली पातळी." मग माळेला पीळ दिला. "हा पीळ म्हणजे दुसरी पातळी. माळ स्वतःच्याच अंगावर अशी गुंडाळली, घडी घातली, की तिसरी. आणि अशा दोन-चार गुंडाळ्या एकमेकींत गुंतून एकत्र काम करायला लागल्या की चौथी." मग माळ टेबलावर ठेवून विचारलं, "पण हे सगळं सुटून का येत नाही? कशानं धरून ठेवलंय?" मग त्यांनीच केराटिन सांगितलं. केस, नखं, शिंगं आणि लोकर ज्याची बनते ते प्रथिन. त्याच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल असतात, ठिकठिकाणी टाके घातल्यासारखे, म्हणून लोकर ताणली तरी परत जागेवर येते. मी हात वर केला आणि बोलून गेले, "सर, आमच्या घरी लोकरच असती." वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला उभं करून घोंगडी कशी विणतात ते सगळ्या वर्गाला सांगायला लावलं. सूत, पीळ, ताणा, बाणा. मी सांगत गेले आणि मला वाटलं, हे सगळं मला आधीपासून येतंच होतं, फक्त त्याला इतकं भारी नाव असतं हे माहीत नव्हतं. तास संपल्यावर सर म्हणाले, "तुझ्या वडिलांना माझ्यासाठी एक घोंगडी विणायला सांग." मी घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

अण्णांनी ती घोंगडी विणताना जीव ओतला. जावळाची लोकर काढली, म्हणजे कोकराची पहिली कातरण, रेशमासारखी मऊ. आई म्हणालीसुद्धा, "येवढी लेकीच्या लग्नाला ठिवा की." अण्णा म्हणाले, "लेकीच्या मास्तराला हाय." मी स्वतः ती सरांना नेऊन दिली. सरांच्या पत्नी दारात आल्या, घोंगडी दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, "केवढा वास येतोय हो हिला."

पुढच्या बाजारी मी अण्णांबरोबर बसले होते. लिंबाखाली आमची जागा. एका बाजूला बैलांच्या घुंगुरमाळा विकणारा, दुसऱ्या बाजूला बबनशेठचं गिरणीच्या चादरी-ब्लँकेटांचं दुकान. ऐन गर्दीत सर सायकलवरून आले, कॅरिअरवरचं बोचकं सोडलं आणि अण्णांच्या पुढ्यात टाकलं. घोंगडीच होती ती. पण आटून निम्मी झालेली, पिवळी पडलेली, चिकट, आणि धरीन तिथं फाटत होती.

"काय विणलंत हे?" सर मोठ्यानं म्हणाले. "एकदा धुतली तर ही गत! लोकर नाही ही. गिरणीचा भुसा घातलाय तुम्ही यात."

अण्णा उठून उभे राहिले. "न्हाई सर. मेंढीची हाय. भिवाच्या कळपाची. जावळाची लोकर हाय."

"मला शिकवता? मी हेच शिकवतो कॉलेजात!"

या एका वाक्यानं आमचा घात केला. दुसरा कुणी ओरडला असता तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण कॉलेजचा सर, लोकरीच्या आत काय असतं ते ज्याला ठाऊक, तोच म्हणतोय! बघता बघता माणसं जमली. मी मध्ये घुसले आणि विचारलं, "सर, कशात धुतली?"

"कशात म्हणजे? आमच्याकडे सगळं धुतात तशी. सोडा टाकून तपेल्यात उकळली. वास मारत होती ती."

सोडा टाकून उकळली! सुती धोतरं, पांढऱ्या चादरी खळाखळा उकळाव्यात तशी. कुठल्याही धनगराच्या पोराला विचारा, घोंगडीला गरम पाणीसुद्धा लावत नाहीत. नदीवर न्यायची, रिठ्याच्या पाण्यानं चुबकायची आणि सावलीत टाकायची. पण सर सायकलवर बसून निघूनही गेले होते. अण्णा ती फाटकी घोंगडी मांडीवर घेऊन बसले आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी आमच्याकडं एकही गिऱ्हाईक थांबलं नाही.

पुढच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसले. मुद्दाम. सर केराटिनचा उरलेला भाग सांगत होते. मी हात वर केला. "सर, केराटिन सोड्याच्या पाण्यात उकळलं तर काय होईल?"

सर फळ्याकडं तोंड करून होते. पाठ केल्यासारखं घडाघडा बोलायला लागले, "अल्कलीमध्ये गंधकाचे पूल तुटतात. पीळ सुटतो, साखळ्या मोकळ्या होतात, आणि अल्कली तीव्र असेल तर मण्यामण्यातला बंध तुटून सगळंच विरघ..." आणि थांबले. तोपर्यंत त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं, हे मी आजही मानते. पुस्तकातलं केराटिन वेगळं आणि घरातल्या तपेल्यातलं वेगळं, अशी त्यांच्या डोक्यात भिंत होती. ती त्या क्षणी पडली. ते माझ्याकडं वळले, कानापर्यंत लाल झालेले, आणि म्हणाले, "तुझी शंका नंतर विचार."

नंतर गेले. स्टाफरूमच्या दारात उभं राहून ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ शकुंतला, चूक आमच्याकडून झाली. वडिलांना सांग, मनात ठेवू नका."

"सर, तुम्ही बाजारात बोललात. बाजारातच सांगा ना."

"आता बाजारात उभं राहून काय भाषण देऊ? लोक हसतील मला. कॉलेजचं नाव आहे. आणि लोक विसरतात गं."

लोक विसरतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक काय विसरले ते सांगते. त्याच आठवड्यात भिवामामा आले. दारात चप्पल काढली नाही. पाणी दिलं ते घेतलं नाही. पडवीतली लोकरीची पोती एकेक करून बाहेर काढली आणि घोड्यावर लादली. शेवटचं पोतं उचलताना भिवामामा म्हणाले, "माझा तुझ्यावर इस्वास हाय रं. पर देवाचं काम हाय. लोकं इचारत्यात. कॉलेजचा मानूस म्हनतो म्हंजी..." आणि वाक्य अर्धंच ठेवून गेले. संध्याकाळी माग बंद होता. आईनं शेंगोळी केली, कुणी खाल्ली नाही.

मग मी ठरवलं की मीच दाखवून देते. वय असं होतं की खरं दाखवलं की लोक मानतात असं वाटायचं. माझा हिशेब सरळ होता. खरी लोकर कडक अल्कलीत उकळली की पूर्ण विरघळते, कारण ती प्रथिन आहे. गिरणीचा भुसा म्हणजे तिथला टाकाऊ कृत्रिम धागा, तो प्रथिन नसतो, तसाच राहतो. म्हणजे अण्णांच्या घोंगडीत भुसा असेल तर तो तळाशी उरेल, आणि काहीच उरलं नाही तर घोंगडी अस्सल. घरी साबण करायला लोक किराणा दुकानातून कॉस्टिक आणायचे, तो आणला. पुढच्या बाजारी चहावाल्याकडून स्टोव्ह मागून घेतला, दोन पातेली लोखंडाची, एकात अण्णांच्या घोंगडीचा तुकडा, दुसऱ्यात बबनशेठच्या ब्लँकेटचा. अण्णा म्हणत होते, "शके, नगं हे." मी कसली ऐकते! "या, बघा!" म्हणून ओरडले. माणसं जमली. भिवामामाही मागे येऊन उभे राहिले.

पाणी उकळायला लागलं. अण्णांच्या तुकड्याच्या कडा सुटल्या, धागे सुटले, गढूळ पाणी झालं, आणि शेवटी काठीनं ढवळलं तर काठीला काहीच लागेना. बबनशेठचा तुकडा आहे तसा. मी तो काठीवर उचलून धरला आणि विजयानं म्हणाले, "बघितलं? ही राहिली म्हणजे ही खोटी. ही विरघळली म्हणजे ही खरी!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, इरघळली ती खरी? आन् टिकली ती खोटी?" आणि असा हशा पिकला म्हणून सांगू! बबनशेठनं माझ्या हातातली काठीच घेतली, ब्लँकेटचा तुकडा वर नाचवला आणि आरोळी ठोकली, "बघा मंडळी, सोड्यात उकळा न्हाईतर आनि कशात, आपला माल हाय तसा! सणगराच्या पोरीनं सोता दावलंय!" लोक त्याच्या दुकानाकडं वळले. भिवामामा मान हलवत निघून गेले. आणि तेवढ्यात मला भाजीच्या पालापाशी सबनीस सर दिसले. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय. त्यांनी सगळं पाहिलं होतं. सगळं. त्या अख्ख्या बाजारात एकाच माणसाला माहीत होतं की मी बरोबर आहे, आणि त्याचं एक वाक्य पुरलं असतं.

"सर!" मी किंचाळले. "सर, सांगा ना यांना!"

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मूग गिळून चालू लागले. हसणाऱ्यांवर माझा कधीच राग नव्हता. त्यांना कुणी शिकवलं होतं? राग आहे तो त्या पाठमोऱ्या पांढऱ्या पँटवर.

घरी आल्यावर अण्णा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "चार मानसांत माझ्या मालाचा रस्सा केलास! मी कवा म्हनलो तुला, माझी घोंगडी खरी हाय का बघ म्हून? मला म्हाईत न्हवतं व्हय?" मी रडत सुटले. ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्त रडले.

आणि आता पुढचं ऐका. वर्षअखेरीला प्रॅक्टिकलच्या यादीत एक नवा प्रयोग आला. 'अल्कलीच्या साहाय्यानं लोकर ओळखणे.' माझाच प्रयोग! बाजारातून उचलून, इस्त्री करून, वहीत छापलेला. वर निर्लज्जपणा असा, की कॉलेजचा शिपाई आमच्या दारात आला, "सरांनी वीतभर घोंगडी मागितलीय, परीक्षेला लागते." मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "सरांस्नी म्हनावं, बाजारात या. चार मानसांत मागा. वीतभर कशाला, आख्खी देतो." शिपाई तसाच परत गेला. सर आले नाहीत. बबनशेठ आता घोंगड्याही ठेवायला लागला होता, सरांनी त्याच्याकडून घेतली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आलेले. आम्हाला प्रत्येकीला एक काळा तुकडा दिला. उकळला. पाणी जरा गढूळ झालं, पण तळाशी धाग्यांचा लगदा तसाच. मी धुऊन बोटांत धरला, नायलॉनसारखा गुळगुळीत. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्या नळ्यांत लगदा, आणि सगळ्यांच्या वहीत एकच निरीक्षण, 'नमुना पूर्ण विरघळला. लोकर.' पुस्तकात तसं होतं ना! मी लिहिलं, 'विरघळला नाही. भेसळ.'

सर मागे येऊन उभे राहिले. "शकुंतला, निरीक्षण नीट लिही. मार्क जातील."

"दिसतंय ते लिहिलंय सर. ही लोकर नाही. गिरणीचा भुसा घातलाय यात."

त्यांचेच शब्द होते, त्यांच्याच आवाजाच्या पट्टीत. सगळ्या मुली वळल्या. परीक्षक आले, म्हातारे होते, त्यांनी नळी उजेडात धरली आणि मला चारी पातळ्या विचारल्या. मी सांगितल्या. काय कुठं तुटतं, काय उरतं, का उरतं, सगळं. एक शब्द चुकला नाही. ते सरांना म्हणाले, "मुलगी बरोबर आहे, तुमचा नमुनाच खोटा आहे. इथं चांगला विणकर नाही का कुणी?" सरांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "आहे. हिचे वडील. त्यांच्या घोंगडीत भेसळ नसते." दारं लावलेल्या खोलीत, बारा मुलींसमोर.

मला पैकीच्या पैकी मिळाले. मी धावत घरी आले. अण्णा मागावर होते, कुठल्या तरी दूरच्या वाडीवरून आलेलं थोडं काम होतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, परीक्षक काय म्हणाले, सर काय म्हणाले, शब्दन् शब्द. अण्णांनी आडव्या सुताचा धोटा हातात धरून ऐकून घेतलं.

"बाजारात बोलला का?"

"न्हाई. वर्गात."

"मग?" अण्णा म्हणाले, आणि ताण्यातून पुन्हा धोटा टाकला.